चारशे चौरस मीटरचे उद्यान आणि ते उभारून देणारी सेवा

ठाण्यात पाचपाखाडी परिसरातील आमच्या जुन्या वसाहतीचा पुनर्विकास पूर्ण झाला, तेव्हा चार इमारतींच्या मधोमध साधारण वीस मीटर लांब आणि तितकीच रुंद अशी मोकळी जागा गृहनिर्माण संस्थेच्या ताब्यात आली. त्या जागेवर उद्यान उभारण्याचे काम ज्या खासगी संस्थेला दिले, तिच्या सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे ज्या उणिवा लिहिल्या आहेत त्या या व्यवसायात एकट्या तिच्याच नाहीत आणि तिचे जे गुण आवडले ते ओळखायला नावाची गरजही नाही. निष्कर्ष आधीच सांगतो: आराखडा, माती आणि झाडांची निवड या बाबतींत काम उत्तम झाले, बसण्याची सोय चांगली आहे, मुलांच्या खेळाचा भाग जेमतेम आहे आणि उभारणीनंतरच्या देखभालीने निराशा केली.

अशा जागा ठाण्यात यापुढे पुष्कळ निर्माण होणार आहेत. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना दहा टक्के क्षेत्र करमणुकीची मोकळी जागा म्हणून सोडावे लागते. आमचा भूखंड या मर्यादेच्या किंचित वर असल्यामुळे आमच्या वाट्याला साधारण चारशे चौरस मीटर आले. नौपाडा, चरई, वर्तकनगर या भागांत जुन्या इमारती एकत्र येऊन पुनर्विकासाला जात आहेत, त्यामुळे असे तुकडे तिथेही दिसू लागतील. बहुतेक ठिकाणी त्यांचे जे होते ते ओळखीचे आहे: भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, कडेला कुंड्या, मध्ये एक प्लास्टिकची घसरगुंडी आणि काही काळाने तिथेच दुचाकींची रांग.

आमच्या समितीने कोटेशन मागवताना सोबत इच्छांची एक यादी जोडली होती. तिच्यात कारंजे, लॉन, जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, छत्रीवजा मंडप, ज्येष्ठांचा कट्टा, मुलांची खेळणी आणि सेल्फी पॉइंट असे सगळे होते. इतर कंत्राटदारांनी या यादीतील प्रत्येक ओळीपुढे दर भरून पाठवला. या संस्थेच्या वास्तुरचनाकार बाईंनी मात्र आधी जागा पाहायला वेळ मागितला, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशा वेगवेगळ्या वेळी येऊन सावली कुठून कुठे सरकते हे नोंदवले आणि मग सभेत येऊन यादीतील निम्म्याहून अधिक गोष्टी खोडल्या. जो कंत्राटदार स्वतःचे बिल स्वतःच कमी करतो त्याच्याकडे सभेने आधी संशयानेच पाहिले, हे वेगळे सांगायला नको. पण त्या दिवशी त्यांनी मांडलेली गणिते इतकी स्वच्छ होती की विरोधाला फारसा आधार उरला नाही.

जॉगिंग ट्रॅकचेच पाहा. वीस मीटर बाजूच्या चौकोनात कडेने दीड मीटर रुंदीचा मार्ग काढला, तर त्याच्या मध्यरेषेची एक फेरी ७४ मीटर भरते, म्हणजे एक किलोमीटर चालण्यासाठी साडेतेरा फेऱ्या घालाव्या लागतात आणि दर वळणावर काटकोनात फिरावे लागते. त्यासाठी १११ चौरस मीटर जागा जाते, म्हणजे एकूण क्षेत्राच्या चतुर्थांशाहून अधिक. ज्यांना खरोखर चालायचे आहे त्यांच्यासाठी कचराळी तलावाभोवतीची फेरी हाकेच्या अंतरावर आहे आणि ते तिथेच जाणार. लॉनचा हिशेबही असाच होता. उन्हाळ्यात हिरवळ टिकवायला दर चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी धरले, तर दीडशे चौरस मीटरच्या लॉनला साडेसातशे लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी रोज १३५ लिटरच्या हिशेबाने केले जाते, म्हणजे पाच जणांच्या एका घराला पुरेल त्याहून अधिक पाणी केवळ गवताला द्यावे लागले असते. शिवाय अशा गवतावर ‘आत जाऊ नये’ अशी पाटी लागते हा अनुभव सर्वांचाच आहे. आधीच लहान असलेल्या जागेचा तिसरा हिस्सा नुसता पाहण्यासाठी राखून ठेवणे परवडणारे नव्हते.

या विचाराला एक मोठी चौकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१७ मध्ये अशी शिफारस केली की शहरातील प्रत्येक रहिवाशाला घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा उपलब्ध असावी. आमचे उद्यान अर्ध्या हेक्टरच्या बाराव्या हिश्श्याएवढेही नाही आणि ते सार्वजनिकही नाही. कोलशेतला २०२४ मध्ये खुल्या झालेल्या वीस एकरांच्या सेंट्रल पार्कमध्ये जे करता येते ते इथे करण्याचा प्रयत्न केला, तर प्रत्येक गोष्ट अपुरी होते. लहान उद्यानाचे बळ एवढेच असते की ते दाराशी असते. चप्पल घालून, भाजी गॅसवर मंद ठेवून, दहा मिनिटांसाठी खाली उतरता येते. त्या दहा मिनिटांसाठी सावली, बसायला जागा आणि पायाखाली कोरडी जमीन लागते. यापलीकडच्या गोष्टींना जागा द्यायची की नाही, या प्रश्नाचे उत्तर बाईंनी प्रत्येक वेळी त्या दहा मिनिटांवरून शोधले, आणि या सेवेसाठी मोजलेल्या पैशांची सर्वांत मोठी भरपाई मी त्यालाच मानतो.

सभेत एका सदस्यांनी न्यूयॉर्कच्या पॅले पार्कचे उदाहरण देऊन कारंज्याचा आग्रह धरला होता. उदाहरण अगदीच अप्रस्तुत नव्हते. मॅनहॅटनमध्ये ५३व्या रस्त्यावर १९६७ मध्ये खुले झालेले ते उद्यान सुमारे ३९० चौरस मीटरचे, म्हणजे जवळजवळ आमच्याच आकाराचे आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीवरून सहा मीटर उंचीचा धबधबा पडतो, ज्याच्या आवाजात रहदारीचा गोंगाट बुडून जातो. पण तो धबधबा चालू ठेवणारी व्यवस्था त्या उद्यानामागे आहे. आमच्याकडे पंप बंद पडला की दुरुस्तीचा ठराव पुढच्या सभेत येणार आणि तोवर हौदात पाणी साचून राहणार. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पॅले पार्कमधून घेण्यासारखी दुसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे हलवता येणाऱ्या खुर्च्या, आणि ती मात्र संस्थेने घेतली. तिच्याकडे पुढे येतोच.

आता मातीविषयी, कारण खरे काम तिथे झाले. जागा ताब्यात आली तेव्हा वरून सपाट आणि लालसर दिसत होती. संस्थेने कोपऱ्यात आणि मध्यभागी चाचणीचे खड्डे घेतले, तेव्हा वीतभर लाल मातीखाली पाडलेल्या जुन्या इमारतीचा राडारोडा निघाला: विटांचे आणि टाइल्सचे तुकडे, काँक्रीटचे ढेकळ, गंजलेल्या सळ्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. अशा भरावावर लावलेली झाडे पहिली दोन वर्षे वरच्या थरावर जगतात आणि पुढे खुरटतात; चुन्या-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते, यंत्रांखाली दाबल्या गेलेल्या भरावात मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी एकतर साचते किंवा फटींतून निघून जाते. संस्थेने लागवडीच्या पट्ट्यांत मीटरभर खोलीपर्यंत भराव काढून नेला आणि तळाचा थर टिकावाने फोडून सैल केला. त्यानंतर लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडे कोकोपीट यांचे मिश्रण भरले. नुसती लाल माती भरण्याची आपल्याकडची रूढ पद्धत त्यांनी टाळली, कारण तिच्यात सेंद्रिय अंश कमी असतो आणि पहिल्या पावसात ती वाहून जाते किंवा वाळल्यावर कडक बसते. एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा या न दिसणाऱ्या कामावर गेला. सदस्यांना ते पटवणे सोपे नव्हते. जमिनीखाली गाडलेल्या पैशाचा फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर टाकता येत नाही.

निचऱ्याचा विचारही याच टप्प्यावर झाला. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. जोराच्या पावसात शंभर मिलिमीटर पाणी पडले, तर एवढ्याशा जागेवर चाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचे चार टँकर पाणी येते. पूर्ण पेव्हर घातलेल्या जागेतून ते सरळ गटाराकडे आणि तिथून तळमजल्याच्या वाहनतळाकडे जाते. इथे बसण्याच्या भागाखाली खडीचा थर देऊन वर सांधे मोकळे ठेवलेली शहाबादी फरशी बसवली, चालण्याची वाट बाजूच्या लागवडीकडे किंचित उतरती केली आणि उत्तरेच्या कडेला दगडगोटे भरलेला उथळ चर काढून तो शोषखड्ड्याला जोडला. दोन्ही पावसाळ्यांत पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात बाकांपर्यंत कोरड्या पायांनी जाता आले, हे मला या संपूर्ण कामाचे सर्वांत ठोस यश वाटते.

जागेवर आधीपासून एक आंब्याचे झाड होते. विकासकाने त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवले होते. झाडांभोवती किमान एक मीटरचा परीघ मोकळा ठेवावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील प्रकरणात दिला होता आणि त्यानंतर हा निकष देशभर सांगितला जातो. संस्थेने कोटेशनमध्ये नसतानाही हे काँक्रीट हाताने फोडून काढले, यंत्र लावले नाही आणि तिथे मोठे आळे केले. आंब्याची वरची सुकलेली फांदी जाऊन आता नवी पालवी आली आहे.

नव्या झाडांच्या निवडीत त्यांची जाणकारी दिसते. विकासकाच्या मूळ आराखड्यात फॉक्सटेल पामची रांग होती. हे पाम वाहतुकीला आणि लावायला सोपे असतात, पहिल्या दिवसापासून उंच दिसतात आणि सावली जवळजवळ देत नाहीत. बहावा लावावा असे मला स्वतःला वाटत होते, पण तो ऐन एप्रिल-मेमध्ये पाने गाळून फुलतो, म्हणजे सावलीची गरज सर्वाधिक असते तेव्हाच त्याच्याखाली ऊन असते. त्यामुळे त्याला बाकांजवळ न ठेवता फाटकापाशी जागा मिळाली. बाकांवर सावली धरायला करंज आहे, जो उन्हाळ्याच्या तोंडावर पाने झाडतो पण लगेच नव्या पालवीने भरून येतो. आणि त्याच्या जोडीला बकुळ, जी सावकाश वाढते पण बारा महिने दाट राहते. एका इमारतीच्या सावलीत दिवसातला बराच वेळ ऊन येत नाही, तिथे सीताअशोक लावला, कारण त्याला अर्धवट सावली मानवते. दर्शनी बाजूला महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला तामण होता. ‘होता’ असे का लिहिले ते देखभालीच्या भागात येईल.

येथे वास्तुरचनेतील एक बारकावा नोंदवायला हवा. ठाण्यात मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीला तो किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून दक्षिणेच्या इमारतीची सावली उन्हाळ्याच्या दुपारी उद्यानावर पडेल, ही आमची अपेक्षा चुकीची ठरते. उपयोगी पडते ती पश्चिमेची इमारत, जिची सावली साडेतीननंतर पुढे सरकते. बाकांची मुख्य रांग त्या सावलीत येईल अशी ठेवली आहे. संध्याकाळी चारला खाली उतरलेल्या आज्या-आजोबांना याचे कारण ठाऊक नसेल, पण ते तिथेच बसतात.

बसण्याच्या सोयीत संस्थेने दोन प्रकार ठेवले. पाठ आणि हात असलेले पक्के बाक सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचे आहेत, ज्यामुळे गुडघेदुखी असलेल्या माणसाला हातावर जोर देऊन उठता येते. ठाण्यातील अनेक कट्टे याहून बुटके आणि बिनपाठीचे असतात, तरुणांना ते पुरतात. दुसरा प्रकार म्हणजे हलक्या लोखंडी खुर्च्या, ज्या कुणीही उचलून हव्या तिथे नेऊ शकतो. अमेरिकी शहर-अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लहान चौकांत कॅमेरे लावून लोकांच्या बसण्या-उठण्याचा अभ्यास केला होता आणि हलवता येणाऱ्या खुर्च्यांचे महत्त्व त्यांनी ठासून सांगितले. माणूस खुर्ची इंचभर का होईना सरकवतो आणि मगच बसतो, हे त्यांचे निरीक्षण आमच्याकडेही तंतोतंत खरे ठरले. खुर्च्या चोरीला जातील ही भीती सभेत सर्वांत जोरात मांडली गेली होती. एक खुर्ची एका घराच्या बाल्कनीत सापडली खरी, पण बाकीच्या जागेवर आहेत. सायंकाळी त्यांची मांडणी पाहिली की कोणाचे कोणाशी बोलणे चालू आहे आणि कोणाचे बंद, हेही कळते.

मुलांचा भाग मात्र ठीकठाक या शेऱ्याच्या पुढे जात नाही. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक बुटकी घसरगुंडी, एक झोपाळा आणि वाळूचा चौकोन आहे. घसरगुंडी फायबरची असून तिचे तोंड उत्तरेकडे आहे, हे चांगले. पण खालची रबरी फरशी गडद रंगाची निवडली, ती दुपारी अनवाणी पायांना पोळते. फिकट रंगाचा पर्याय असल्याचे संस्थेने काम झाल्यावर सांगितले. वाळूच्या चौकोनाला झाकण दिलेले नाही आणि वसाहतीतील मांजरांनी त्याचा जो उपयोग शोधून काढला तो अपेक्षितच होता. आठ-दहा वर्षांवरील मुलांसाठी काहीच नाही. एवढ्या जागेत क्रिकेटची सोय होणार नाही हे मान्य, पण चढायला एखादी जाळी किंवा भिंतीवर चेंडू टप्प्याने खेळायची जागा देता आली असती. ती नसल्यामुळे मोठी मुले वाहनतळात खेळतात आणि तिथल्या गाड्यांच्या काचांवरून होणारे वाद पूर्वीसारखेच चालू आहेत.

प्रवेशाच्या बाबतीत पहिल्या आराखड्यात फाटकापाशी तीन पायऱ्या होत्या. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका रहिवाशाने हरकत घेतल्यावर संस्थेने त्या काढून उतरण केली. एकास बारा या मान्य प्रमाणाने पंचेचाळीस सेंटिमीटर चढायला पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांबी लागते, आणि ती जागा त्यांनी वाटेलाच हळूहळू चढती करून साधली, वेगळा रॅम्प चिकटवला नाही. हरकतीची वाट न पाहता हे पहिल्याच कागदावर यायला हवे होते, तरी केलेली दुरुस्ती नीटनेटकी आहे.

उद्यान कोणासाठी, हा प्रश्न सेवेच्या कक्षेबाहेरचा असला तरी आराखड्याने त्याला हात घातला. नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सात घरांमध्ये मिळून आठ बाय आठ मीटरचे अंगण, अशा तीन गटांमध्ये बारा बाय बारा मीटरची मोकळी जागा आणि त्यांच्या पुढच्या समूहात वीस बाय वीस मीटरची जागा अशी उतरंड रचली होती. आमची जागा मापाने यातील तिसऱ्या पायरीची आहे, पण आधीच्या दोन पायऱ्या इथे नाहीत. लिफ्टमधून उतरलेले शेकडो लोक एकाच अंगणात येतात. बाईंनी म्हणूनच एक सलग चौक न करता झुडपांच्या कंबरभर उंचीच्या पट्ट्यांनी त्याचे तीन कोपरे केले, ज्यांत एकमेकांना अडथळा न होता वेगवेगळे गट बसू शकतात आणि तरीही वॉचमनला सगळीकडचे दिसते. फाटकाबाहेर, रस्त्याच्या बाजूला त्यांनी एक बाक ठेवला, जिथे घरकामाला येणाऱ्या मावशी आणि सामान पोचवणारी मुले टेकू शकतील. समितीतील काहींना तो खटकला आणि तो हलवावा अशी सूचना अजूनही अधूनमधून येते. माझ्या मते आराखड्यातील तो सर्वांत शहाणपणाचा बाक आहे.

झुडपांच्या त्या पट्ट्यांत कढीपत्ता, लिंबू, पानफुटी आणि रुई लावली आहे, आणि ही निवड शोभेसाठी नाही. कढीपत्त्यावर आणि लिंबावर मॉर्मन जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, ज्यांत महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉर्मनही येते. पानफुटीवर रेड पिएरो आणि रुईवर प्लेन टायगर अंडी घालते. पहिल्याच पावसाळ्यानंतर फुलपाखरे दिसू लागली. पाने खाल्लेली पाहून कीटकनाशक फवारण्याची मागणीही लगोलग आली, आणि देखभालीला आलेल्या माणसाने ती तत्परतेने पूर्ण केली.

या शेवटच्या वाक्यात देखभालीची सारी कथा आहे. ज्या संस्थेने इतक्या विचाराने उद्यान उभारले, तिने वार्षिक देखभालीचा करार मात्र दुसऱ्याच एका उपकंत्राटदाराकडे सोपवला आणि आराखडा करणारी माणसे आणि झाडांना पाणी घालणारी माणसे यांची एकमेकांशी कधी भेटच झाली नाही. माळी वारंवार बदलत राहिले. नव्या माळ्याला झुडपांची कात्रीने चौकोनी कापणी करायची असते, कारण त्याने इतरत्र तेच पाहिलेले असते. फुलपाखरांसाठी ठेवलेली रुई त्याला तण वाटते. झाडांखाली पडलेली पाने तिथेच कुजू द्यायची ठरलेली असताना ती रोज झाडून पोत्यांत भरून बाहेर गेली आणि वर खताचे बिल आले. ठिबकच्या नळीला उंदरांनी कुरतडल्यावर ती बदलण्याऐवजी पाइपने पाणी मारणे सुरू झाले, त्यामुळे बकुळीच्या एका आळ्यात पाणी साचत राहिले. आणि तामणाचे रोप पहिल्या उन्हाळ्यात वाळल्यावर, बदली रोप देण्याच्या करारातील कलमानुसार, त्या जागी एके सकाळी फॉक्सटेल पाम उभा असलेला दिसला. करारात ‘झाड वाळल्यास बदलून दिले जाईल’ एवढेच लिहिले होते; झाडाची जात लिहिलेली नव्हती. तक्रारीला उत्तर सौजन्याचे आले, कृती आली नाही.

यावर कोणी म्हणेल की झाडे पुढेमागे बदलता येतील. पण महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. म्हणून सुरुवातीच्या दोन वर्षांत काय जगते आणि त्याच्या जागी काय येते, यावर पुढच्या कित्येक वर्षांची सावली ठरते. नेमक्या याच काळात या सेवेचे लक्ष उडाले.

ज्यांची जागा थेट जमिनीवर आहे, त्यांनी आराखडा, मातीकाम आणि लागवड यांसाठी अशा पद्धतीने काम करणारी संस्था जरूर शोधावी आणि तिची पारख तिने यादीतून काय काय खोडले यावरून करावी. पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांच्या स्लॅबवर, बाग करायची असेल तर हा अनुभव तसाच लागू होणार नाही. तिथे मातीची खोली स्लॅबच्या भारक्षमतेवर ठरते आणि करंजासारखे झाड तिथे उभे राहत नाही. करार करताना चाचणीचे खड्डे समितीच्या उपस्थितीत घ्यावेत, भराव किती खोल काढणार ते आकड्यात लिहून घ्यावे, झाडांच्या जातींची यादी कराराला जोडून बदली रोप त्याच जातीचे असेल असे कलम घालावे आणि अंतिम बिलातील काही रक्कम दुसरा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावी. आम्ही देखभालीचा करार संपल्यावर तो वाढवला नाही. गृहनिर्माण संस्थेचा स्वतःचा पगारी माळी ठेवला आणि वास्तुरचनाकार बाईंनी दर तीन महिन्यांनी येऊन त्याला सूचना द्याव्यात, यासाठी भेटीगणिक शुल्क ठरवले. पहिल्याच भेटीत त्यांनी फवारणी थांबवली, पाने आवारातच कुजवण्यासाठी मागच्या कोपऱ्यात जाळीचा हौद करून घेतला आणि पाम काढून तामण लावण्याचा खर्च स्वतःच्या शुल्कातून वळता करण्याची तयारी दाखवली. रोप रोपवाटिकेतून निवडून ठेवले आहे. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की लागवड होईल.